वाचक विचारतात: प्लास्टिकमध्ये एफआर कुठलं टाकू?

प्लास्टिकवरच्या लेखांनंतर फ्लेम रिटार्डंटबद्दल, म्हणजे आग रोखायला प्लास्टिकमध्ये मिसळतात त्या पदार्थांबद्दल, शॉपफ्लोअरवर आपण ज्याला नुसतं एफआर म्हणतो त्याबद्दल, बरेच प्रश्न आले. बहुतेकांचा सूर एकच, अमुक प्लास्टिक आहे, कुठली पावडर टाकू आणि किती टक्के. पावडरचं नाव सांगतोच, पण त्याआधी मला चार गोष्टी कळायला हव्यात आणि नेमक्या त्याच पत्रात नसतात: माल कुठल्या तापमानाला प्रोसेस करता, टेस्ट नक्की कुठली पास करायचीय, पार्टची सगळ्यात पातळ भिंत किती मिलिमीटर, आणि पार्ट वापरात कुठं असणार, म्हणजे ऊन, पाणी, वीज यातलं काय काय त्याच्या वाट्याला येणार. या चारवर निम्मी निवड आपोआप होते. खालच्या उत्तरांत हे पुन्हा पुन्हा येईल, त्याला इलाज नाही.

प्रश्न: आम्ही पीपीचा (पॉलिप्रोपिलीनचा) इलेक्ट्रिकल जंक्शन बॉक्स मोल्ड करतो. गिऱ्हाईकाला व्ही-० (पट्टी जाळून बघायच्या टेस्टमधला सगळ्यात वरचा दर्जा) पाहिजे. एटीएच स्वस्त पडतं म्हणून ४० टक्के टाकून कंपाउंड केलं, बॅरल २२० डिग्रीला होता. पार्टवर चंदेरी रेघा आल्या, आत फुगे आले, आणि एवढं करून टेस्टची पट्टी वरपर्यंत जळाली. टक्केवारी वाढवू का?

उत्तर: वाढवू नका, फुगेच वाढतील. एटीएच म्हणजे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, त्याचं काम असं की तापलं की पोटातलं पाणी सोडायचं, स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३५ टक्के, आणि ते सोडताना ग्रॅममागे हजार ज्यूलच्या वर उष्णता ओढून घ्यायची. आगीत हे फार उपयोगाचं आहे. पण ते सुरू होतं साधारण १८० ते २०० डिग्रीला, आणि तुमचा बॅरल २२० ला आहे, म्हणजे जे पाणी आगीत सुटायला पाहिजे होतं ते स्क्रूमध्येच सुटलं, त्याचीच वाफ तुम्हाला रेघा आणि फुगे म्हणून दिसतेय. शिवाय पट्टी पेटेपर्यंत त्यातलं बरंच पाणी आधीच गेलेलं. आणि नीट सुटलं असतं तरी ४० टक्क्यांत पीपी व्ही-० होत नाही, ६० च्या आसपास जावं लागतं.

मग पुढचा पर्याय एमडीएच, म्हणजे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. काम तेच, पाणी ३१ टक्के, पण ते ३०० डिग्रीच्या पुढे सुटतं, त्यामुळे पीपीच्या प्रोसेसिंगला धक्का नाही. लोडिंग, म्हणजे टाकायच्या पावडरचं प्रमाण, मात्र तेवढंच जड. इथे कॅल्क्युलेटर घेऊन बसा. पीपीची डेन्सिटी ०.९०५ धरा, एमडीएचची २.३६. शंभर ग्रॅम कंपाउंडमध्ये ६० ग्रॅम एमडीएच म्हणजे २५.४ घन सेंटिमीटर, ४० ग्रॅम पीपी म्हणजे ४४.२, एकूण ६९.६, म्हणजे डेन्सिटी आली १.४४. मोल्ड तर तोच आहे, त्यात मावणारा माल घनफळावर ठरतो, म्हणजे तोच बॉक्स आता दीड पटीच्या जरा वर, जवळपास १.६ पट वजनाचा होणार. तुम्ही पावडरचा किलोचा भाव बघून ठरवलंत, पण पार्ट लिटरवर विकला जातो, किलोवर नाही. त्यावर इम्पॅक्ट पडणार, स्नॅप फिट असेल तर ती तुटणार, फ्लो कमी होणार. जंक्शन बॉक्सला झाकणाची क्लिप असतेच, म्हणून या पार्टला मी एमडीएच सुचवणार नाही.

राहिले दोन रस्ते. पहिला फॉस्फरस-नायट्रोजनवाला, म्हणजे अमोनियम पॉलिफॉस्फेटवर उभं असलेलं फुगणारं सिस्टिम, इंट्युमेसंट म्हणतात ते. अमोनियम पॉलिफॉस्फेटचं तापून ॲसिड होतं, सोबत पेंटाएरिथ्रिटॉलसारखं कार्बन देणारं काहीतरी असतं त्याचा कोळसा बनतो, आणि मेलामिनसारखा पदार्थ गॅस सोडून त्या कोळशाला फुगवतो. पार्टवर फेसाळ काळा थर चढतो, आतल्या प्लास्टिकला उष्णता पोचत नाही आणि आतून सुटणारे जळाऊ वायू बाहेर येत नाहीत. पीपी स्वतः जळतच नाही म्हणा ना, जळतात ते तापून त्यातून निघालेले वायू, त्या ज्योतीची उष्णता परत प्लास्टिकला तापवते आणि चक्र चालू राहतं, प्रत्येक एफआर हे चक्र कुठल्या तरी एका जागी तोडतं, एवढं डोक्यात ठेवलं की कॅटलॉगमधली निम्मी भाषा आपोआप कळते. हे सिस्टिम २० ते ३० टक्क्यांत पीपीला व्ही-० देतं, डेन्सिटी फार वाढत नाही, धूर कमी. अट अशी की मेल्ट टेम्परेचर २२० च्या आत ठेवा, आणि पॉलिफॉस्फेट फेज टू प्रकारचंच घ्या, फेज वन पाण्यात जास्त विरघळतं. फेज टू सुद्धा पाण्यापुढे पूर्ण टिकत नाही, म्हणून बॉक्स बाहेर भिंतीवर लागणार असेल तर कोटिंग केलेला ग्रेड मागा आणि पट्ट्या ७० डिग्रीच्या पाण्यात आठवडाभर ठेवून मग पुन्हा जाळून बघा. कोरडी पट्टी झकास पास आणि भिजवलेली फेल, असं होतं.

दुसरा रस्ता ब्रोमिन आणि अँटिमनी ट्रायऑक्साइड. हे काम ज्योतीत करतं. ज्योत चालते ती हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल रॅडिकलवर, ब्रोमिनमधून निघालेलं हायड्रोजन ब्रोमाइड ते रॅडिकल खातं आणि ज्योत विझते. अँटिमनी एकटी टाकली तर काहीच करत नाही, ब्रोमिनसोबत मात्र अँटिमनी ब्रोमाइडच्या रूपात ज्योतीत जाऊन त्याचं काम कितीतरी पटीनं वाढवते, म्हणून तीन भाग ब्रोमिनवालं एफआर आणि एक भाग अँटिमनी असा हिशोब सगळीकडे दिसतो. लोडिंग कमी, मेकॅनिकल प्रॉपर्टी बऱ्या. पण गिऱ्हाईकाच्या ड्रॉइंगवर हॅलोजन-फ्री, म्हणजे ब्रोमिन-क्लोरिन नको असं, लिहिलेलं असेल तर हा रस्ता बंद, आणि ते लिहिलंय की नाही हे तुम्ही पत्रात सांगितलेलं नाही. आधी ते विचारा. लिहिलेलं नसेल आणि बॉक्स घराच्या आतला असेल तरीही माझं मत इंट्युमेसंटकडेच झुकतं, कारण पार्ट पेटलाच तर हॅलोजनवाल्याचा धूर दाट आणि ॲसिडिक असतो आणि आतल्या तांब्याच्या जोडांची वाट लावतो.

प्रश्न: व्ही-० म्हणजे प्लास्टिक जळत नाही असं गिऱ्हाईकाला सांगितलं तर चालेल का?

उत्तर: नका सांगू, प्लीज. व्ही-० ही एका छोट्या ज्योतीची परीक्षा आहे. यूएल ९४ या प्लास्टिक जाळून बघायच्या टेस्टमध्ये १२५ मिलिमीटर लांब, १३ रुंद पट्टी उभी टांगतात, खालच्या टोकाला २० मिलिमीटरची ज्योत १० सेकंद लावतात, काढतात, ज्योत किती वेळ राहिली ते मोजतात, विझली की लगेच पुन्हा १० सेकंद. पाच पट्ट्या, म्हणजे दहा ज्योती. व्ही-० साठी कुठलीही एक ज्योत १० सेकंदांच्या वर टिकायला नको, दहा मिळून ५० च्या वर नको, आणि खाली ३०० मिलिमीटरवर ठेवलेला कापूस जळत्या थेंबानं पेटायला नको. व्ही-१ ला ३० आणि २५०, कापूस तरीही पेटायला नको. व्ही-२ ला आकडे व्ही-१ चेच पण कापूस पेटला तरी चालतो. बस, एवढाच दावा आहे. खोलीला आग लागली तर व्ही-० प्लास्टिकही जळणारच.

आणि जाडी! हे मी प्रत्येकाला सांगतो. सप्लायरच्या शीटवर व्ही-० लिहिलेलं असतं, शेजारी बारीक अक्षरात ३.२ मिलिमीटर, आणि तुमच्या पार्टची भिंत १.५. पातळ पट्टी लवकर तापते, लवकर पेटते, ३.२ ला व्ही-० असलेला माल १.५ ला व्ही-२ निघू शकतो किंवा नापासच होऊ शकतो. यलो कार्ड, म्हणजे त्या मालाचं यूएलचं रेटिंग कार्ड, उघडा, तुमच्या जाडीसमोर आणि तुमच्या रंगासमोर काय लिहिलंय ते बघा. रंग म्हणतोय कारण पिगमेंटनं रेटिंग बदलतं, आणि रेटिंग ‘सगळे रंग’ साठी आहे की फक्त नॅचरल आणि काळ्यासाठी हे कार्डवर लिहिलेलं असतं.

घरगुती उपकरणाचा पार्ट असेल तर नुसतं व्ही-० पुरत नाही, ग्लो वायर, म्हणजे तापलेल्या तारेची टेस्ट वेगळी. कोणी लक्ष द्यायला नसताना चालणारं उपकरण आणि ०.२ अँपिअरच्या वर करंट असलेला जोड, त्याला धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकवर ७५० डिग्रीची तापलेली तार टेकवतात. व्ही-० पास आणि ग्लो वायरला पेटलं, असा माल असतो, कारण इथे ज्योत नाही, तापलेला धातू आहे, माल वेगळ्या पद्धतीनं तापतो.

प्रश्न: नायलॉन ६ मध्ये मेलामिन सायन्युरेट ८ टक्के टाकून व्ही-० मिळत होतं, वर्षानुवर्षं तोच माल चाललाय. आता नवीन पार्टला स्ट्रेंग्थ पाहिजे म्हणून ३० टक्के ग्लास फायबर टाकलं, एफआर तेवढंच ठेवलं, तर पट्टी विझतच नाही. मेलामिन सायन्युरेट १५ टक्के केलं तरी तेच. बॅच खराब आहे का?

उत्तर: बॅच ठीक आहे. मेलामिन सायन्युरेट बिनफायबरच्या नायलॉनमध्ये जिंकतं त्यात मोठा वाटा थेंबांचा आहे. ते उष्णता ओढून तुटतं, न जळणारे वायू सोडतं, आणि नायलॉनला इतकं पातळ करतं की तापलेला भाग थेंबानं खाली गळून जातो, थेंब पडताना विझलेला असतो म्हणून कापूस पेटत नाही, आणि पट्टीतली उष्णता त्या थेंबासोबत निघून जाते. आता तुम्ही त्यात काच घातली. काचेच्या तंतूंचं जाळं माल गळूच देत नाही, वर मेणबत्तीच्या वातीसारखं वितळलेलं नायलॉन त्या तंतूंवरून ज्योतीकडे ओढलं जातं. जिथे गळण्यावर सगळी भिस्त होती तिथे गळणंच बंद झालं, मग १५ टाका नाहीतर २० टाका.

ग्लासवाल्या नायलॉनला कोळसा बनवणारं किंवा ज्योतीत काम करणारं एफआर लागतं. आजच्या घडीला हॅलोजन-फ्री मध्ये सगळ्यात चालणारं म्हणजे ॲल्युमिनियम डायएथिल फॉस्फिनेट, ते ज्योतीतही काम करतं आणि पृष्ठभागावरही, सोबत मेलामिन पॉलिफॉस्फेट आणि थोडं झिंक बोरेट, सगळं मिळून १५ ते २० टक्के. ३०० डिग्रीच्या पुढेही फॉस्फिनेट टिकतं त्यामुळे नायलॉन ६६ लाही चालतं. महाग आहे, हो. आणि एक गोष्ट ब्रोशरमध्ये ठळक नसते, मेलामिन पॉलिफॉस्फेटसोबत गरम मेल्ट जास्त वेळ राहिला तर स्क्रू आणि बॅरल खायला लागतो, साधं नायट्राइड स्टील लवकर जातं. बायमेटॅलिक बॅरल आणि चांगल्या टूल स्टीलचा स्क्रू असेल तर ठीक, नसेल तर तो खर्च आत्ताच हिशोबात धरा.

लाल फॉस्फरस स्वस्त आणि ताकदवान, ५ ते ८ टक्क्यांत काम करतो, पण पार्टचा रंग लालसर-विटकरी किंवा काळा एवढेच पर्याय, आणि ओलाव्यात फॉस्फिन सुटतो तो तांब्याचे कॉन्टॅक्ट काळे करतो. चांगला कोट केलेला ग्रेड घेतला तर हा त्रास बराच कमी होतो, शून्य होत नाही.

ब्रोमिनेटेड पॉलिस्टायरीन आणि अँटिमनी हा जुना, प्रोसेसिंगला सरळ रस्ता आहे. त्याची अडचण सीटीआय, म्हणजे ओल्या पृष्ठभागावरून करंट वाहायला प्लास्टिक किती व्होल्टपर्यंत अडवतं तो आकडा. पार्ट कनेक्टर किंवा टर्मिनल ब्लॉक असेल तर हा शब्द गिऱ्हाईकाच्या स्पेकमध्ये शोधा. प्लास्टिकवर दोन इलेक्ट्रोड टेकवून अमोनियम क्लोराइडच्या ०.१ टक्के द्रावणाचे ५० थेंब एकेक करून पाडतात, किती व्होल्टपर्यंत पृष्ठभागावर करंटची वाट तयार होत नाही ते बघतात, वरची मर्यादा ६०० व्होल्ट. फॉस्फिनेटवाला नायलॉन ६०० पर्यंत जातो, ब्रोमिन-अँटिमनीवाला सहसा त्याच्या बराच खाली राहतो. जास्त व्होल्टेजच्या छोट्या कनेक्टरमध्ये दोन पिनांतलं अंतर कमी करायचं असतं, तिथे म्हणूनच लोक महाग फॉस्फिनेट घेतात.

प्रश्न: ब्रोमिन बंद झालंय ना? मग अजून विकतात कसं?

उत्तर: ब्रोमिन नावाचं सगळंच बंद झालेलं नाही, काही ठरावीक रेणू बंद झालेत, आणि त्यामागचा इतिहास माहीत असलेला बरा. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये पॉलिब्रोमिनेटेड बायफिनाइल नावाचं एफआर चुकून जनावरांच्या खाद्यात मिसळलं गेलं, पोती बदलली, आणि दूध, मांस, अंडी यांतून ते माणसांत गेलं. हे रेणू चरबीत साठतात, शरीरातून लवकर जात नाहीत. १९७७ मध्ये अमेरिकेतच लहान मुलांच्या रात्रीच्या कपड्यांमधून ब्रोमिनेटेड ट्रिस नावाचं एफआर काढावं लागलं. मुलांना आगीपासून वाचवायला टाकलेलं केमिकल त्यांच्याच त्वचेतून शरीरात जाणारं आणि कर्करोगाच्या धोक्याचं निघालं, म्हणून माझ्या लेखी आग रोखणं आणि माणूस सुरक्षित ठेवणं हे दोन वेगळे हिशोब नाहीत, एफआर निवडणाऱ्याला दोन्ही करावे लागतात.

पुढे पॉलिब्रोमिनेटेड डायफिनाइल ईथर, पीबीडीई, तोच प्रकार. युरोपच्या रोह्स नियमात जुलै २००६ पासून पीबीबी आणि पीबीडीई इलेक्ट्रिकल मालात ०.१ टक्क्याच्या वर नको. निसर्गात टिकून राहणाऱ्या विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात २००९ ला पेंटा आणि ऑक्टा मिश्रणांतले पीबीडीई आले, २०१३ ला थर्माकोलच्या इन्सुलेशन शीटमधलं ब्रोमिनवालं एचबीसीडी, २०१७ ला डेका, तोही पीबीडीईच. त्याच २०१७ ला शॉर्ट चेन क्लोरिनेटेड पॅराफिनही आलं, पीव्हीसीवाल्यांनी हे लक्षात ठेवा.

जे चालू आहे त्यात दोन बरे प्रकार आहेत. एक, जिथे एफआर पॉलिमरला जोडलं जातं, सर्किट बोर्डच्या इपॉक्सीत टीबीबीपीए हे ब्रोमिनवालं एफआर रिॲक्ट होऊन साखळीचा भाग बनतं, सुटं फिरत नाही. दोन, एफआर स्वतःच मोठा पॉलिमर असतं, ब्रोमिनेटेड पॉलिस्टायरीन, किंवा इन्सुलेशन शीटमध्ये एचबीसीडीच्या जागी आलेलं ब्रोमिनेटेड स्टायरीन-ब्युटाडाइन. मोठे रेणू पार्टमधून बाहेर येत नाहीत, शरीरात शिरणंही अवघड. मी निवडताना सुट्या छोट्या रेणूंपासून दूर राहतो, आज कायद्यानं चालत असले तरी, कारण यादी दर काही वर्षांनी लांबतेच आणि मग सगळ्या ॲप्रूव्हल पुन्हा.

हॅलोजन-फ्री हा शब्द हवेत वापरू नका. सर्किट बोर्डच्या मटेरियलसाठी आयईसी ६१२४९-२-२१ मध्ये व्याख्या आहे, क्लोरिन ९०० पीपीएमच्या आत, ब्रोमिन ९०० च्या आत, दोन्ही मिळून १५०० च्या आत, आणि बाकी लोकही हेच आकडे पकडतात. एका वाचकानं रिसायकल एबीएसबद्दल विचारलंय त्याचंही इथेच सांगतो: जुन्या टीव्ही-मॉनिटरच्या कॅबिनेटमधून आलेल्या दाण्यात डेका असू शकतं. हातातल्या एक्सआरएफ (एक्स-रेवर चालणाऱ्या) गननं ब्रोमिन किती आहे ते कळतं, पण ते कुठल्या रेणूतलं हे कळत नाही. गननं ब्रोमिन जास्त दाखवलं तर माल बाजूला ठेवा, लॅबमध्ये जीसी-एमएस, म्हणजे रेणू ओळखायची टेस्ट, करा, मगच वापरा. आणि ब्रोमिनवाला रिसायकल काळा दाणा खेळण्यात किंवा खाद्यपदार्थाला लागणाऱ्या वस्तूत कुठल्याही भावात जाऊ देऊ नका.

प्रश्न: पीव्हीसी केबल कंपाउंडमध्ये कॅल्शियम कार्बोनेट वाढवलं, अँटिमनी होती तेवढीच आहे, तरी ऑक्सिजन इंडेक्स पडला. असं का? आणि हॅलोजन-फ्री केबलकडे जायचं तर काय बदलेल?

उत्तर: पीव्हीसीत वजनाच्या जवळपास ५७ टक्के क्लोरिन आहे, म्हणून बिनप्लास्टिसायझरचं कडक पीव्हीसी ४५ च्या आसपास ऑक्सिजन इंडेक्स देतं, म्हणजे हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि याला जळत राहायला ४५ लागतो. प्लास्टिसायझर घातलं की तो जळतो आणि आकडा विशीत येतो, तो वर आणायला अँटिमनी. आता अँटिमनीला काम करायला हायड्रोजन क्लोराइड लागतं, आणि बारीक कॅल्शियम कार्बोनेट तेच पकडून कॅल्शियम क्लोराइड बनवतं. दोघं एकाच गोष्टीवर टपलेले, कार्बोनेट जिंकलं तर अँटिमनी उपाशी. बारीक, कोट केलेलं कार्बोनेट हे जास्त करतं, जाडं कमी. तुम्हाला ॲसिड गॅस कमी पाहिजे असेल तर कार्बोनेट चांगलं, ऑक्सिजन इंडेक्स पाहिजे असेल तर कार्बोनेट कमी करून त्या जागी थोडं एटीएच आणि झिंक बोरेट घ्या, धूरही कमी होईल. प्लास्टिसायझरचा काही भाग फॉस्फेट एस्टरचा केला तरी फरक पडतो, फक्त थंडीतली लवचिकता बघून घ्या.

हॅलोजन-फ्रीकडे जाणं म्हणजे सगळंच बदलणं. बेस ईव्हीए आणि पॉलिइथिलीन, त्यात एटीएच ६० ते ६५ टक्के, म्हणजे शंभर ग्रॅम कंपाउंडमध्ये पाणीच वीसएक ग्रॅम. इथे एटीएच चालतं कारण ईव्हीए खालच्या तापमानाला चालतं, मेल्ट १८० च्या खाली राखता येतो. पण एवढी पावडर नुसती ढकलून चालत नाही, दीड-दोन मायक्रॉनचा ग्रेड, अमिनोसिलेन कोटिंग किंवा मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पॉलिमर कपलिंगसाठी, नाहीतर इलाँगेशन १०० टक्क्यांच्या खाली जातं आणि केबल वाकवली की म्यान तडकतं. पीव्हीसीच्या स्क्रूवर हाच माल चालवायला गेलात तर घर्षणानं आतला मेल्ट कंट्रोलरवर दिसतो त्यापेक्षा बराच गरम होतो, डायवर फुगे दिसले की आधी आरपीएम कमी करा, झोनचं सेटिंग नंतर. कमी कॉम्प्रेशनचा स्क्रू लागतोच.

मेहनत मोठी आहे, पण भुयारी मार्ग, जहाज, हॉस्पिटल, जिथे माणसाला धुरातून बाहेर पडायचं असतं तिथे ही केबल असायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. आगीत बहुतेक माणसं धुरानं जातात, ज्वाळांनी कमी.

प्रश्न: उन्हात राहणाऱ्या पीपीच्या खुर्च्या, ब्रोमिनवालं एफआर, यूव्ही स्टॅबिलायझर भरपूर टाकलंय, तरी पृष्ठभाग पांढरा पडून तडे जातात.

उत्तर: साधा हाल्स, म्हणजे तुमचा यूव्ही स्टॅबिलायझर बहुतेक ज्या प्रकारचा आहे तो, बेसिक (अल्कधर्मी) असतो, ब्रोमिनवाल्या एफआरमधून उन्हात आणि प्रोसेसिंगमध्ये थोडं थोडं ॲसिड सुटतं, ते हाल्सचं मीठ करून टाकतं आणि हाल्स काम करेनासा होतो. डोस वाढवून उपयोग नाही. एनओआर प्रकारचा हाल्स घ्या, तो बेसिक जवळपास नसतो, ॲसिडला दाद देत नाही, आणि पीपीच्या पातळ फिल्ममध्ये आणि धाग्यात तो स्वतःच थोडंफार एफआरचं काम करतो. सोबत ॲसिड पकडायला हायड्रोटॅल्साइट.

प्रश्न: एफआरपी (काचेच्या तंतूंनी मजबूत केलेल्या प्लास्टिकच्या) शीटच्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये शंभर भागांना एटीएच १५० भाग टाकायला सांगितलंय, रेझिन चिखलासारखं होतं, काच भिजत नाही.

उत्तर: केबलवाला बारीक ग्रेड आणलात बहुतेक. बारीक कणांचा पृष्ठभाग जास्त, रेझिन सगळं तेच पितात. रेझिनला १० ते २० मायक्रॉनचा ग्रेड घ्या, जमलं तर दोन साइज मिसळा म्हणजे मोठ्यांच्या फटीत छोटे बसतात, आणि वेटिंग ॲडिटिव्ह एखादा टक्का. रेझिन थंड क्युअर होतं म्हणून तापमानाची काळजी इथे नाही. बादलीत तळाशी बसतं तेव्हा वापरायच्या आधी दर वेळी ढवळा, नाहीतर पहिल्या शीटमध्ये एफआर कमी आणि शेवटच्यात जास्त.

प्रश्न: मी मिक्सिंगला आहे. अँटिमनीची पावडर आणि लाल फॉस्फरस हातानं वजन करून टाकतो. सुपरवायझर म्हणतात काही होत नाही. खरं काय?

उत्तर: तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत, आणि हे उत्तर सुपरवायझरना दाखवा. अँटिमनी ट्रायऑक्साइडची धूळ श्वासात जाऊन फुफ्फुसात साठते, कर्करोगावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आयएआरसी हिनं १९८९ मध्येच तिला माणसात कर्करोगाची शक्यता असलेल्या गटात टाकलं होतं. ‘काही होत नाही’ हे वाक्य इथे चालणार नाही. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे सुटी पावडर बंद करून मास्टरबॅच (पावडर आधीच प्लास्टिकमध्ये मिसळलेले दाणे) किंवा तेलात ओलवलेले दाणे घेणं, तोच माल, तोच परिणाम, हवेत धूळ नाही. ते होईपर्यंत वजनकाट्याच्या वरच हूड लावून हवा ओढून घेणारा पंखा पाहिजे, खोलीच्या कोपऱ्यातला नाही, आणि धुळीसाठीचा चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क पाहिजे, नाकाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. जमिनीवर सांडलेलं झाडू मारून उडवू नका, बारीक फिल्टरचा व्हॅक्यूम वापरा. कामाचे कपडे घरी नेऊन घरच्यांच्या कपड्यांत धुऊ नका.

लाल फॉस्फरसचा धोका वेगळा, तो घासण्यानं आणि ठिणगीनं पेटतो, आणि क्लोरेट किंवा दुसऱ्या कुठल्या ऑक्सिडायझरजवळ ठेवला तर स्फोट होऊ शकतो. सुट्या पावडरला हातच लावू नका, हा मास्टरबॅचमध्येच घ्यायचा, यात मी तडजोड सांगणार नाही. गोदामात वेगळी कोरडी जागा, ड्रम घट्ट बंद. एक्स्ट्रुडरच्या व्हेंटजवळ लसणासारखा किंवा कुजक्या माशासारखा वास आला तर तो फॉस्फिन असू शकतो, तो विषारी आहे, मशीनपासून लांब व्हा, बाकीच्यांना बाहेर काढा, व्हेंटिलेशन वाढवा आणि मगच कारण शोधा. वास येत नाही म्हणजे गॅस नाही असं धरू नका, व्हेंटजवळ फॉस्फिनचा डिटेक्टर लावून घ्यायला सांगा. शिफ्ट संपताना किंवा जेवणाच्या सुट्टीत मशीन थांबणार असेल तर एफआरवाला माल गरम बॅरलमध्ये सोडून जाऊ नका, साधं पॉलिइथिलीन चालवून तो बाहेर काढा, म्हणजे पर्ज करा. ब्रोमिनवाल्या मालालाही हेच, बॅरलमध्ये शिजत राहिला की हायड्रोजन ब्रोमाइड सुटतं, डोळे चुरचुरतात आणि मोल्डला गंज चढतो.

तुमच्या प्लांटमध्ये प्रत्येक एफआरची सेफ्टी डेटा शीट असायलाच हवी. ती तुम्हाला वाचता येईल अशा भाषेत मागा, सप्लायरकडून मिळते, आणि वजनकाट्याच्या शेजारी भिंतीवर लावून घ्या.